पायाखाली चार इंच

नोव्हेंबर सरत आला की आमच्या गॅरेजच्या दाराशी एक पहार येऊन उभी राहते. पाच फुटांची, टोकाला छिन्नीसारखी धार, वरच्या कडीत मनगटाला अडकवायची दोरी. दुकानात तिला ‘स्पड बार’ म्हणतात. पण देवगडला आजोबांच्या बागेत कलमांचे खड्डे खणतात ती हीच, हे कळल्यावर माझ्या मुलांनी तिचं दुसरं नाव घेतलंच नाही. पहार बाहेर आली की घरात एकच चौकशी सुरू होते : तळं धरलं का?

हे तळं म्हणजे मेडिसिन लेक. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनीॲपोलिस शहराच्या पश्चिमेला प्लिमथ नावाचं उपनगर आहे. आम्ही तिथं राहतो आणि तळं आमच्या घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर आहे. दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी या राज्यात सरकारदरबारी मोजलेली आहेत. नोव्हेंबर-डिसेंबरात ती उत्तरेकडून दक्षिणेकडे एकेक करून गोठत येतात. बर्फ पुरेसा जाड झाला की त्यावर तंबू उभे राहतात, मग लाकडी खोपटी येतात, पुढे चाकांवरची घरंही येतात. तंबूत, खोपटात किंवा नुसत्या उपड्या बादलीवर बसून लोक बर्फाला भोक पाडतात आणि खाली गळ सोडतात. यालाच इथं आइस फिशिंग म्हणतात. गेल्या पाच हिवाळ्यांत मी माझ्या दोन मुलांना घेऊन त्यासाठी किती वेळा गेलो, हे आता मोजता येणार नाही. त्यातल्या काही खेपा मात्र तपशिलासकट आठवतात आणि त्यांतली एक तर अशी, की आम्ही बर्फावर पाऊलही ठेवलं नाही.

माझं बालपण खाडीकाठचं. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. शाळामास्तर असले तरी सुट्टीच्या दिवशी त्यांचे पाय खाडीकडे वळायचे. ते गरवायला जात. गळाला आमिष लावून, दोर पाण्यात सोडून मासा धरणं म्हणजे गरवणं. घाटावरच्या वाचकाला हा शब्द कदाचित नवा असेल. काठी नाही की चक्री नाही. बाटलीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे बारीक दोर, शिशाचं वजन, एक गरी आणि आमिषाला सुंगटं, म्हणजे कोळंबी. कातळावर बसण्याआधी आबा बराच वेळ नुसते उभे राहत. भरती किती चढली आहे, उधाणाची मोठी भरती आहे की भांगाची छोटी, कुठल्या दगडाला शेवाळ धरलं आहे, हे सगळं बघून झाल्यावरच मला पुढे बोलावत. कधी कधी सगळी तयारी करून गेलेलो आम्ही पाणी बघून तसेच परत येत असू. त्या वयात मला त्याचा फार राग यायचा.

बर्फावरची पहिली खेप जानेवारी २०२१ मधली. करोनाचा हिवाळा होता. शाळा संगणकाच्या पडद्यावर आली होती आणि मुलं घरात कोंडून चिडचिडी झाली होती. थोरली सात वर्षांची होती, धाकटा चारचा. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. मुलं त्यांना ‘पलीकडचे आजोबा’ म्हणतात आणि त्यांनीही हे मराठी नाव आनंदानं घेतलं आहे. त्यांनीच कुंपणावरून सांगितलं, की मार्टिन ल्युथर किंग यांच्या स्मृत्यर्थ जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी सुट्टी असते, त्याला जोडून तीन दिवस राज्याचं नैसर्गिक संपदा खातं ‘टेक अ किड आइस फिशिंग’ म्हणून पाळतं. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलाला सोबत नेणाऱ्या इथल्या रहिवाशाला त्या तीन दिवसांत मासेमारीचा परवाना लागत नाही. सोळाच्या आतल्या रहिवासी मुलांना तर तो एरवीही लागत नाही. “सामान माझं घे, मुलं तुझी आण,” असं म्हणून त्यांनी आपली घसरगाडी आमच्या अंगणात आणून ठेवली.

त्या दिवशी तापमान शून्याखाली नऊ अंश होतं. इथल्या हिशेबानं सुखाची हवा. गिरमिटानं भोक पाडायला मला दहा मिनिटं लागली. गिरमिट म्हणजे सुताराचंच, फक्त कमरेइतकं उंच आणि आठ इंच रुंद पात्याचं. पातं खाली पोचलं तसं पाणी भसकन वर आलं. मुलं दोन पावलं मागे सरकली आणि लगेच चार पावलं पुढे आली. भोकातला बर्फाचा चुरा काढायला लांब दांड्याचा झारा असतो, थेट जिलेबी तळायच्या झाऱ्यासारखा. तो धाकट्याच्या हातात गेला आणि पुढे मासे वगैरे काही त्याला दिसेना. चुरा काढायचा, शेजारी त्याचा ढीग करायचा, ढिगाला ‘किल्ला’ म्हणायचं. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला केला होता, तो त्याच्या डोक्यात अजून ताजा होता.

अर्ध्या तासानं थोरलीला पहिला मासा लागला. हाताच्या पंजाएवढा ब्लूगिल, सनफिश कुळातला. कल्ल्यामागे निळा-काळा ठिपका, छातीला हळदीचा रंग. ती ओरडली, मी तिच्याकडे वळलो आणि त्याच क्षणी मागे धाकट्याचा पाय दुसऱ्या भोकात गेला. गुडघ्यापर्यंत. बाहेर ओढायला दोन सेकंदही लागले नाहीत, पण बूट पाण्यानं भरला होता आणि उणे नऊ अंशांत ओला मोजा म्हणजे खेळ नव्हे. पलीकडच्या आजोबांनी एक शब्द न बोलता आपल्या बादलीतून कोरडे लोकरी मोजे काढले, त्याचा पाय स्वतःच्या कोटात घेऊन चोळला आणि मला म्हणाले, “आता घरी. सामान मी आणतो.” आम्ही निघालो. थोरली गाडीत रडली, तिला दुसरा मासा हवा होता. धाकटा मात्र पाच दिवस प्रत्येकाला पाय दाखवत होता. चूक सर्वस्वी माझी होती. आठ इंचांचं भोक चार वर्षांच्या पावलाला पुरेसं मोठं असतं, हे मी आधी बघायला हवं होतं. तेव्हापासून लहान मुलं असतील तर सहा इंचांचं पातं वापरतो आणि रिकाम्या भोकावर बादली पालथी घालतो. उठताना भोकाशी फांदी रोवून ठेवायची इथली रीतही तेव्हाच शिकलो. भोकावर रातोरात पातळ साय धरते, वर भुरभुर बर्फ पडतो आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्याला ते दिसत नाही.

दुसऱ्या खेपेला प्रश्न सुरू झाले. सगळ्यांत मोठा प्रश्न धाकट्याचा : वर बर्फ आहे, मग मासे गोठत का नाहीत? मी घरी येऊन त्याला पाण्याचं वागणं समजावून सांगितलं आणि सांगता सांगता मलाही त्याचं नव्यानं नवल वाटलं. बहुतेक पदार्थ थंड होतात तसे जड होत जातात. पाणीही होतं, पण चार अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याखाली ते पुन्हा हलकं व्हायला लागतं आणि बर्फ झालं की पाण्यापेक्षा सुमारे नऊ टक्के हलकं होऊन वर तरंगतं. म्हणून तळं वरून गोठतं. तळाशी चार अंशांच्या आसपासचं पाणी हिवाळाभर टिकून राहतं आणि बर्फाचं छत त्याची ऊब धरून ठेवतं. पाणी इतर पदार्थांसारखं वागलं असतं तर तळी तळापासून गोठत आली असती. “म्हणजे मासे गोधडीखाली आहेत,” असं धाकट्यानं ठरवलं. आमच्या घरात आजही बर्फाला गोधडी म्हणतात.

पण या गोधडीखाली श्वासाचा प्रश्न असतो, हे पुढच्या वर्षी थोरलीला शाळेत कळलं. बर्फ नितळ असेल तर उजेड आत जातो आणि पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू तयार करत राहतात. वर हिमाचे जाड थर साठले की उजेड अडतो, वनस्पती कुजू लागतात आणि कुजण्यात असलेला प्राणवायूही खर्च होतो. उथळ तळ्यांत अशा वेळी मासे मोठ्या संख्येनं मरतात. ती त्या आठवड्यात प्रत्येक बर्फवृष्टीनंतर खिडकीशी उभी राहून मेडिसिन लेकची काळजी करत होती. ते तळं तेवढं उथळ नाही, हे नकाशा काढून दाखवल्यावर ती झोपली.

आवाजांविषयीही सांगायला हवं, कारण मुलं सगळ्यांत जास्त घाबरतात ती आवाजांना. बर्फ बोलतो. ऊन चढलं की पसरतो, रात्र पडली की आकसतो आणि कुठंतरी लांबवर चिरतो. तो आवाज बर्फातून आपल्यापर्यंत येतो तेव्हा त्यातले बारीक सूर आधी पोचतात आणि जाड सूर मागून. त्यामुळे दूरच्या चिरेचा आवाज विज्ञानपटातल्या बंदुकीसारखा ‘प्यूऽऽ’ असा ऐकू येतो. जवळच चिरलं तर पायाखालून गडगडाट जातो. पहिल्यांदा तो गेला तेव्हा दोन्ही मुलं माझ्या अंगावर चढली होती. बोलणारा बर्फ वाढता असतो, असं इथले जुने लोक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण त्या बोलण्यावर विसंबून कुणी पाऊल टाकत नाही. पाऊल टाकायचं ते मोजून.

ही मोजणी सविस्तर सांगतो, कारण मुलांना घेऊन बर्फावर जाण्यातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग तोच आहे असं माझं मत झालं आहे. राज्याच्या नैसर्गिक संपदा खात्याची शिफारस अशी : चालायला नितळ, नवा बर्फ किमान चार इंच हवा. स्नोमोबाइलला पाच ते सात, छोट्या मोटारीला नऊ ते दहा. बर्फ पांढरा, दुधट असेल तर हे आकडे दुप्पट धरायचे, कारण भिजलेल्या हिमाचा तो बर्फ नितळ बर्फाच्या निम्म्याच ताकदीचा असतो. आणि खातं हेही बजावतं, की पूर्ण सुरक्षित असा बर्फ नसतोच. एकाच तळ्यावर इथं सहा इंच आणि पन्नास पावलांवर दोन इंच असू शकतो. जिथं ओढा येऊन मिळतो, जिथं तळाशी झरा आहे, जिथं पूल आहे, जिथं बदकांनी पाणी मोकळं ठेवलं आहे, तिथं बर्फ पातळ असतो.

म्हणून पहार. मी पुढे चालतो आणि दर दोन पावलांना समोरच्या बर्फावर जोरात मारतो. दोन घावांत पहार आरपार गेली तर आल्या पावली मागे. पाण्याला पोचेपर्यंत बरेच घाव लागले, तर भोकात मोजपट्टी घालायची, तिचा आकडा बर्फाच्या खालच्या कडेला अडकवायचा आणि इंच वाचायचे. वाचन थोरली करते. धाकटा वहीत लिहितो. त्या वहीत आज पाच हिवाळ्यांचे आकडे आहेत, सुरुवातीचे उलटे काढलेले चार आणि पाच धरून. मुलं माझ्या मागे अंतर ठेवून, हिमपोशाखावर लाइफ जॅकेट घालून चालतात. आमच्या तिघांच्या गळ्यात खिळे बसवलेल्या दोन-दोन मुठी असतात. पाण्यात पडलंच तर त्या बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढायचं, आल्या दिशेकडेच, आणि बाहेर आल्यावर उभं न राहता लोळत दूर जायचं. उन्हाळ्यात जलतरण तलावाच्या काठावर आम्ही याचा सराव करतो. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी थंड पाण्यात स्वतः उतरून केलेल्या अभ्यासातून एक-दहा-एक असं सूत्र दिलं आहे. पहिलं एक मिनिट श्वास आवरायला, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि थंडीनं शुद्ध हरपायला साधारण एक तास. मुलांना हे सूत्र पाढ्यासारखं पाठ आहे.

तंबूत शेगडी लावली तर वरची झडप उघडी ठेवावीच लागते आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर सोबत ठेवावा लागतो. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. दारं घट्ट लावून झोपलेली माणसं त्यानं दगावली आहेत. मुलांसोबत असताना शेगडीपेक्षा छोटी खेप बरी, असं मी अनुभवानं सांगतो. हातात बोटांचे नव्हे, अख्ख्या पंजाचे मोजे घालावेत, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. अंगालगत सुती कपडा नको, तो घामानं भिजतो आणि भिजलेलाच राहतो. डब्यात थालीपीठ चालतं, पोळीभाजी चालत नाही. पोळी कडक होते आणि हातमोजे काढून घास करणं मुलांना जमत नाही. आमचा डबा आता ठरून गेला आहे : तूप लावून गुंडाळलेलं थालीपीठ, खजूर आणि थर्मासात आलं-गुळाचं दूध.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आम्ही उत्तरेला मिलॅक्स लेकवर रात्र काढायला गेलो. नकाशावर त्याचं नाव फ्रेंच धाटणीनं लिहिलेलं असतं, पण इथले लोक मिलॅक्सच म्हणतात. सव्वा लाख एकरांहून मोठं हे सरोवर, उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही. ओजिब्वे लोकांच्या भाषेत त्याचं नाव मिसी-झागाइगन, म्हणजे मोठं सरोवर. काठावर त्यांच्या जीवनाचं संग्रहालय आहे. तिथल्या एका दालनात चार ऋतूंतली त्यांची कामं पुरुषभर उंचीच्या देखाव्यांतून मांडली आहेत. हिवाळ्याच्या देखाव्यापुढे थोरली बराच वेळ उभी होती. बर्फातून मासे काढणं हा कारखान्यात तंबू आणि यंत्रं बनू लागल्यावर निघालेला छंद नाही, हे तिला तिथं दिसलं. या लोकांनी अंधाऱ्या खोपटात पालथं पडून, लाकडी मासा पाण्यात नाचवून, भाल्यानं मासे घेतले आणि त्यावर हिवाळे काढले. १८३७ च्या तहात जमीन देताना त्यांनी तिथं शिकार आणि मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला होता. तो हक्क आजही शाबूत आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला १९९९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगावं लागलं. माझ्या मते मुलांना या पाण्यावर नेणाऱ्यानं आधी त्या दालनातून नेलं पाहिजे. आपण कुणाच्या अंगणात बसलो आहोत ते कळायला हवं.

तिथून आम्ही गाडीनं सरोवरावर उतरलो. बर्फ दोन फुटांच्या वर होता, काठावरच्या रिसॉर्टनं नांगरून रस्ता केला होता आणि मोठ्या चिरेवर चक्क पूल टाकला होता. तरी नियमाप्रमाणे काचा खाली, पट्टे सोडलेले, वेग चालण्याइतका. मुलं गप्प होती. भाड्यानं घेतलेल्या खोपटात चार फळ्यांची बाजं, एक शेगडी आणि जमिनीत झाकणं लावलेली सहा भोकं. भिंतीला रीळ लावलेलं असतं आणि त्याला घुंगरासारखी खुळखुळ. मासा दोर ओढू लागला की ती वाजते.

बाहेर उणे पंचवीस होतं. दहा वाजता मुलं झोपली. मी जागाच होतो. भोकाचं झाकण काढलं की आतून काळं, हलणारं पाणी दिसायचं आणि त्यावर दिव्याचा एक ठिपका. पहाटे तीनच्या सुमारास खुळखुळ वाजली. धाकटा बाजेवरून उतरला तो झोपेतच. थोरलीनं दोर हातात घेतला, दोन्ही हातांनी, मी मागे उभा. खालून काहीतरी जड, शांतपणे ओढत होतं. आधी डोळे दिसले. तो वॉलआय होता. या माशाच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा पडदा असतो. त्यानं त्याला गढूळ अंधारात दिसतं आणि विजेरीच्या झोतात ते डोळे मांजरासारखे पेटतात. त्या भोकातून दोन चंदेरी दिवे वर येत होते आणि माझी मुलगी ‘बाबा, तो आपल्याला बघतोय’ म्हणून कुजबुजत होती.

वॉलआय हा १९६५ पासून मिनेसोटाचा राज्यमत्स्य. मिलॅक्सवर तो किती आणि कुठल्या लांबीचा ठेवायचा याचे नियम दर हिवाळ्यात जाहीर होतात. आमचा मासा त्या मापात बसत नव्हता. थोरलीनं मोजपट्टी दोनदा लावली. मग ओल्या हातांनी तो भोकात धरला, तो क्षणभर तिच्या पंजात थांबला आणि शेपटीच्या एका फटक्यात गेला. तिनं तक्रार केली नाही. बाजेवर परत जाऊन ती उजाडेपर्यंत डोळे उघडे ठेवून पडली होती, हे मला माहीत आहे, कारण मीही तसाच पडलो होतो.

सोडण्यातलं शहाणपण मुलांना खरं कळलं ते मात्र ब्लूगिलमुळे. या माशाचे मोठे नर घरट्याची राखण करतात. लोक नेमके तेच मोठे मासे घरी नेतात. मोठे नर उरले नाहीत की लहान नर लवकर वयात येतात, त्यांची वाढ खुंटते आणि तळ्यात बोटभर माशांचीच गर्दी होते. यासाठी राज्यानं काही तळ्यांवर मर्यादा वीसवरून दहावर किंवा पाचवर आणली आहे. आम्ही मधल्या आकाराचे सहा-सात घरी आणतो. मालवणी मसाला, कोकमाचं आगळ, वरून तांदळाचं पीठ नि रवा. मासा गोड्या पाण्यातला, तेव्हा तिखट थोडं कमी. पलीकडचे आजोबा आधी फक्त मीठ-मिरी लावून खायचे. आता ते आगळाची बाटली मागून नेतात.

आता त्या न गेलेल्या खेपेविषयी. डिसेंबर २०२३. तो हिवाळा इथं विलक्षण उबदार गेला. नाताळात अंगणात गवत दिसत होतं. मुलांच्या सुट्ट्या चालू होत्या. भारतातून आलेल्या माझ्या मावसभावाच्या मुलांना आम्ही महिनाभर आधी शब्द दिला होता. सगळे पोशाख चढवून, घसरगाडी लादून आम्ही काठावर गेलो. तळं वरून गोठलेलं दिसत होतं. दूरवर एक माणूस बादलीवर बसलेलाही होता. मी काठालगत पहार मारली. पहिल्याच घावाला पाणी आलं. दहा पावलं बाजूला सरकून मारली. दोन घाव. थोरलीनं मोजपट्टी घातली आणि म्हणाली, “दोन. आणि तोही पांढरा.” धाकट्यानं वहीत ‘२’ लिहिलं, वही बंद केली आणि गाडीकडे चालायला लागला. पाहुणी मुलं रडकुंडीला आली. तो बसला आहे ना, मग आपण का नाही, असं त्यांतला मोठा म्हणाला. त्याला उत्तर माझ्या मुलीनं दिलं : “त्यानं मोजलं की नाही आपल्याला माहीत नाही. आपण मोजलं.”

मला त्या क्षणी खाडीचा कातळ आठवला, पाठमोरे आबा आठवले आणि परतीच्या वाटेवर पाय आपटत चालणारा मी.

त्याच आठवड्यात, २९ डिसेंबरला, राज्याच्या उत्तरेकडच्या अपर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि मासेमारी करणारे १२२ जण त्याच्यासोबत पाण्यावर गेले. सगळे सुखरूप बाहेर निघाले. बातमी बघताना माझी मुलं काही बोलली नाहीत. मिनेसोटातल्या तळ्यांवर बर्फ टिकण्याचा काळ गेल्या पन्नास वर्षांत सरासरी दहा ते चौदा दिवसांनी घटला आहे, असं राज्याच्याच नोंदी सांगतात. आमच्या वहीतल्या पाच हिवाळ्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण २०२३ चं ते पान उघडलं की पहिला चार इंचांचा आकडा किती खाली लिहिलेला आहे ते दिसतं. थोरली हल्ली ते पान पुनःपुन्हा उघडते. तिच्या मुलांच्या वेळी मेडिसिन लेक धरेल का, असं तिनं विचारलं होतं. मी तिला खोटा धीर दिला नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आबा आले. वय अठ्ठ्याहत्तर. थंडीत त्यांना आणू नकोस, असं सगळ्यांनी सांगितलं होतं, पण त्यांनाच तळं बघायचं होतं. पाहुण्यालाही परवाना लागतो, म्हणून आमिषाच्या दुकानात जाऊन चोवीस तासांचा काढला. दुकानातल्या बाईंनी काउंटरवर मेणकिड्यांची डबी ठेवली. आबांनी ती उघडून वास घेतला आणि मान हलवली. सुंगटं बरी, पण चालतील.

काठावर आल्यावर ते थांबले. आम्ही तिघं पुढे जाऊन मारत, मोजत, लिहीत होतो. ते नुसते बघत उभे होते. थोरलीनं लांबून हाक मारली, “आबा, चौदा इंच! या!” तेव्हा ते आले, माझ्या पावलांवर पाऊल टाकत.

धाकट्यानं त्यांच्या हातात आपली दोन फुटी काठी दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि बाजूला ठेवली. काठीवरचा दोर सोडवून तर्जनीवर घेतला, मोजा काढून, उघड्या बोटावर. थंड पाण्यात मासा मंद असतो. आमिष तोंडात घेतो आणि नाही आवडलं तर फुंकून टाकतो. काठीच्या टोकाला त्याचा थांगही लागत नाही. आमच्या दोन काठ्या मघापासून स्तब्ध होत्या. पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर मासे आमिषाशी येऊन परत जाताना दिसत होते. आबांनी पडद्याकडे पाहिलं नाही. पाच-सात मिनिटांत त्यांचं बोट किंचित वळलं आणि मनगटाचा एक छोटा हिसका बसला. क्रॅपी, चंदेरी, काळ्या ठिपक्यांचा. मग दुसरा. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी धाकट्याचं बोट दोरावर ठेवलं, त्यावर स्वतःचं बोट ठेवलं आणि मालवणीत म्हणाले, “डोळे मिट. आता बघ.”

धाकट्यानं डोळे मिटले. आठ वर्षांचा झाला होता तो, पण तोंड तसंच उघडं, चार वर्षांचा असताना किल्ला करताना असायचं तसं. बऱ्याच वेळानं तो ओरडला, “आला! आबा, बोटात आला!”

बोटं लाल झाली होती दोघांची. चाळीस मिनिटांत उठायचं हा आमचा नियम आबांनी हसत पाळला. पलीकडच्या आजोबांनी त्या संध्याकाळी आमच्याकडे आबांच्या हातचे क्रॅपी खाल्ले. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी जेमतेम. दोघं जेवण झाल्यावर टेबलावर दोर आणि गऱ्या मांडून दीड तास बसले होते. निघताना त्यांनी आबांना आपलं जुनं गिरमिट भेट देऊ केलं. देवगडला त्याचा उपयोग नाही, म्हणून ते आमच्याच गॅरेजात आहे. आबांनी आपल्या बाटलीवरचा तंगूस त्यांना दिला.

उत्तर अमेरिकेत अशा गोठणाऱ्या पाण्याजवळ आता पुष्कळ मराठी घरं आहेत. हिवाळा आला की आपण मुलांना घेऊन आत बसतो. मीही आठ वर्षं बसलो होतो. या लेखासाठी मी आमच्या ओळखीच्या दहा-बारा आई-वडिलांशी बोललो. बहुतेकांना बर्फाची भीती वाटते आणि ती योग्यच आहे. माझं एवढंच सांगणं, की ती भीती सोबत घेऊन जा, आपल्या भागातल्या बर्फाची शिफारस आधी वाचा आणि जुन्या माहितगाराला बरोबर घ्या. मिनेसोटात राहणाऱ्यांसाठी जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारला जोडून येणारे बिनपरवान्याचे ते तीन दिवस आहेतच. काठ्या, गिरमिट, तंबू शेजाऱ्याकडून उसने मिळतात. पहार मात्र स्वतःची घ्या, आणि मोजपट्टी मुलांच्या हातात द्या. चार इंच भरले नाहीत, तर त्यांना सांगू द्या आणि त्यांच्यामागून परत फिरा.